माळवदाच्या खांबाला तिरका टेकू



आज पाटी-पेन्सिल जरा बाजूला ठेवा. आम्ही येताना कडब्याचे पाच धांडे आणि मूठभर बाभळीचे काटे आणले आहेत. मुलांना भूमिती शिकवली ती आम्ही याच सामानावर.

चार धांड्यांची एक चौकट करा. चारी कोपऱ्यांत एकेक काटा टोचा. आता चौकट उभी धरून वरचा धांडा बोटाने ढकला. काय झाले? चौकट कलली आणि आडवी झाली. धांडा एकही मोडला नाही, काटा एकही निघाला नाही, तरी चौकट पडली. आता वरच्या दोन्ही कोपऱ्यांत धांड्याचा आखूड तुकडा तिरका घाला. त्याच्या दोन्ही टोकांना काटा टोचा. पुन्हा ढकला. आता हलते का? नाही हलत.

आपले माळवदाचे घर अशाच चौकटींचे असते. दोन खांब, वर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर माती. जुन्या घरांत छताचा भार बहुतेक खांबच उचलतात. दोन-तीन फूट रुंदीची दगडी भिंत नुसती भोवती उभी असते. ती दिसते किल्ल्यासारखी. पण आतून ती दोन वेगळ्या भिंती असतात. मध्ये गोटे आणि माती भरलेली. जमीन हादरली की दोन्ही भिंती फुगतात आणि सुटतात.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. तारीख ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. औसा तालुक्यातले किल्लारी, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर, आणि भोवतालची कितीतरी गावे. सुमारे आठ हजार माणसे गेली.

आमचे घर तेव्हा निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात होते. आम्ही तिशीतले मास्तर होतो. आमची मागची भिंत बाहेर कोसळली. आई सोप्यात निजली होती. चार खांब उभे राहिले म्हणून ती वाचली. पण खांब वीतभर कलले होते. आणखी एक धक्का बसता तर काय झाले असते, ते सांगायला नको.

शेजारच्या घरातली दोन लेकरे मातीखाली गेली. दोघेही आमच्या शाळेतले. त्यांच्या माळवदावर मांडीला लागेल इतकी माती होती. दरवर्षी मृगाआधी गळते म्हणून नवा थर टाकायचा, आणि जुना काढायचा नाही. त्या उन्हाळ्यात ती माती चढवायला आम्हीही टोपली धरली होती. गावात अशी कामे मिळूनच करायची रीत होती.

आता थोडा हिशेब करू. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद असे छत घ्या. त्यावर एक फूट माती म्हणजे एक ब्रास. एक ब्रास सुकी माती चार टनांहून जड असते. ओली झाली की आणखी जड. एवढा भार आपण डोक्यावर घेऊन झोपतो.

म्हणून पहिले काम मातीचे. वीतभर ठेवा, बाकीची काढा. हे काम घरचे घरी होते. पण उन्हाळ्यातच करा. एका बाजूची सगळी माती आधी काढू नका, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. उतरवलेली माती भिंतीला लावून ठेवू नका, भिंत ओल धरते.

परवा एका आजोबांनी आम्हाला विचारले, "गुरुजी, माती काढली तर घर गळंल, अन् उन्हाळ्यात तापंल बी." प्रश्न बरोबर आहे. गळण्याला उपाय आहे. माती पातळ करताना खाली जाड प्लास्टिकचा कागद अखंड अंथरा, उतार ठेवा आणि वर ती वीतभर माती पसरा. तापण्याचे मात्र खरे. घर थोडे तापेल. ते सोसावे लागेल.

दुसरे काम तिरक्या टेकूचे. आधी खांब तपासा. टोच्याने खांबाचा बुंधा टोचून पाहा. टोच्या सहज आत गेला तर वाळवीने किंवा ओलीने लाकूड खाल्ले आहे. अशा खांबाला आपण हात लावायचा नाही. छताला धीरे देऊन खांब बदलणे हे सुताराचेच काम आहे.

खांब चांगला असेल तर तुळईच्या खाली दोन फुटांवर खांबावर खूण करा. तुळईवर खांबापासून दोन फुटांवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधले तिरके अंतर २ फूट १० इंच येईल. दोन्ही टोकांना चार-चार इंच जास्त धरा. म्हणजे तुकडा साडेतीन फुटांचा झाला. चार इंच रुंद, तीन इंच जाड असावा. सागवान उत्तम. जुन्या चौकटीचे लाकूडही चालते, मात्र किडलेले नको. गिरमिटाने आरपार भोक पाडा. अर्ध्या इंचाचा बोल्ट घाला आणि दोन्हीकडे वायसर लावा. नुसते खिळे मारू नका. हिसका बसला की खिळा उपटून येतो. लाकडामध्ये फट राहिली तर चकती घालून भरा. प्रत्येक खांबाला तुळईच्या दोन्ही बाजूंनी टेकू द्या. कोपऱ्यातल्या खांबाला एकाच बाजूने येईल. फेटेवाल्यांनी पुढे काही दिवस जरा जपून वावरावे.

भिंतीत या तोंडापासून त्या तोंडापर्यंत बांधदगड घालायचे असतात. ते गवंड्याला करू द्या. दगड काढताना भिंत अंगावर येते.

भूकंपानंतर सरकारने उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीसाठी मदत दिली होती. इंजिनियर लोक हेच सांगत होते: माती कमी करा, तिरके टेकू द्या, बांधदगड घाला. आमच्या पाहण्यातल्या पुष्कळांनी त्या पैशात शेजारी एक नवी खोली बांधली आणि जुने माळवद तसेच ठेवले. म्हातारी माणसे मात्र अजून त्याच माळवदाखाली निजतात. गार असते ना!

आणि ही फक्त लातूरची गोष्ट आहे असे नांदेडकरांनी समजू नये. २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडे धक्के झाले, तेव्हा नांदेडातही माणसे घराबाहेर धावली होती. आपल्यातले काही जण धावले असतील.

बोल्ट आणताना लांबी ठाऊक हवी. खांबाची जाडी, टेकूची जाडी आणि वर दीड इंच, एवढी लांबी धरा. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या खांबाची जाडी टेपने मोजावी आणि चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून आणावी. बेरीज आपण इथे फळ्यावर करू.