जुन्या विद्युत गाडीचा वेग



आजचा विषय दिसावयास लहान आहे. जिला आपण ‘गोल्फ कार्ट’ म्हणतो, ती बॅटऱ्यांवर चालणारी उघडी गाडी जुनी झाली म्हणजे मंदावते. तिचा वेग व ओढ कशी सुधारावी, एवढेच आज पाहावयाचे आहे. मात्र जुन्या यंत्राची परीक्षा कशी करावी, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे. निदान न करता औषध विकत घेण्याची आपल्याला फार सवय जडली आहे, म्हणूनच मी हा विषय निवडला.

या गाडीचा जन्म अमेरिकेतला. ई-झेड-गो हा प्रसिद्ध कारखाना १९५४ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा गावी निघाला आणि पुढे गोल्फच्या मैदानावर ही गाडी सर्वत्र दिसू लागली. परंतु आरंभीच्या काळात ती मुख्यतः ज्यांना फार चालवत नाही अशा लोकांच्या उपयोगाची होती. आपल्याकडे रेल्वेच्या फलाटांवर, प्राणिसंग्रहालयांत आणि मोठ्या रुग्णालयांच्या आवारांत ती पुन्हा त्याच कामावर रुजू झाली आहे. तिच्यावर बसणारा मनुष्य बहुधा वृद्ध असतो, रुग्ण असतो, किंवा कडेवर मूल असलेली माउली असते. वेगाची चर्चा करताना हा प्रवासी डोळ्यांपुढे असू द्यावा.

आता पहिला प्रश्न असा की, गाडी नवी होती तेव्हा किती धावत होती? जुन्या पद्धतीच्या गाडीत सहा सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे एकूण ३६ व्होल्टचा संच असतो. सपाट जमिनीवर ती ताशी वीस किलोमीटरच्या आसपास धावते. मैदानावरील गाडीसाठी अमेरिकेतील मानकाची कमाल मर्यादाही ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर एवढीच आहे. तीच गाडी आज बारा-तेरावर आली असेल, तर तिला नवी शक्ती द्यावयाची नसून तिची हरवलेली शक्ती शोधावयाची आहे. या दोन गोष्टींतील फरक न ओळखल्यामुळे मोठी मोटर बसवा, ४८ व्होल्ट करा असे सल्ले दिले जातात आणि सार्वजनिक पैसा नको तेथे जातो.

शक्ती किती लागते याचा थोडा हिशेब करू. गाडी, बॅटऱ्या आणि चार माणसे मिळून सातशे किलो वजन धरा. चांगल्या रस्त्यावर ते ढकलण्यास सुमारे चौदा किलो ओझ्याइतकी ओढ लागते. ताशी वीस किलोमीटर वेगाने हे काम करण्यास चाकापाशी साडेसातशे वॅट, म्हणजे जेमतेम एक अश्वशक्ती पुरते. वीस फुटांस एक फूट असा चढ आला की याच्या साडेतीन पट शक्ती लागते आणि बॅटऱ्यांतून शंभर अँपिअरच्या वर प्रवाह वाहू लागतो. आता समजा, ब्रेकचे शू ड्रमला किंचित घासत आहेत आणि त्यांचा अडथळा केवळ पाच किलो ओझ्याएवढा आहे. सपाटीवर गाडीचे ओझे तेवढ्यानेच एक तृतीयांशाहून अधिक वाढले! मोटर बिचारी प्रामाणिकपणे काम करते आणि मालक तिलाच दोष देतो.

म्हणून सुरुवात चाकांपासून करावी. गाडी सपाटीवर उभी करावी, पुढच्या चाकांना उटी लावावी, मागची चाके जॅकवर उचलून भक्कम टेकू द्यावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल, घासल्याचा आवाज येत असेल, किंवा हँडब्रेकची केबल गंजून अडकली असेल, तर ते आधी दुरुस्त करावे. टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवावी. मऊ टायर म्हणजे कायमचा चढ. येथे एक सूचना फार महत्त्वाची आहे. जुन्या गाड्यांत बहुधा सिरीज पद्धतीची मोटर असते. तिच्यावर भार नसेल तर ती आवर न राहता गती घेत जाते आणि स्वतःचे अंतरंग उधळून घेते. म्हणून चाके अधांतरी असताना पॅडल दाबून ‘किती पळते ते पाहू’ असा खेळ कोणी करू नये.

यानंतर बॅटऱ्या. माझ्या मते मंदावलेल्या गाडीचे रहस्य बहुतेक वेळा येथेच उलगडते. एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. मीटरवर ३६ व्होल्ट दिसले की लोक समाधानाने मान डोलावतात. वस्तुतः शिशाच्या बॅटऱ्यांचा हा संच पूर्ण भरलेला आणि काही तास विसावलेला असेल, तर त्याने ३८ व्होल्टच्या थोडे वर दाखवले पाहिजे. विसाव्यात बरोबर ३६ दिसणे म्हणजे संच निम्म्याहून अधिक रिकामा असणे होय. ‘छत्तीस व्होल्ट’ हे त्याचे नाव झाले, प्रकृतीचे प्रमाणपत्र नव्हे.

परंतु विसाव्यातील मापही पुरेसे नाही. चार माणसे बसवून गाडी मोकळ्या आवारातील सौम्य चढावर न्यावी आणि ती ओढत असताना प्रत्येक बॅटरीचा दाब निराळा मोजावा. हे काम दोघांचे आहे. एकाने चालवावे, दुसऱ्याने जोडून ठेवलेल्या मीटरवर वाचावे. पाच बॅटऱ्या साडेपाचच्या वर टिकल्या आणि एक साडेचारवर कोसळली, तर गुन्हेगार सापडला. काळ्या जमिनीत सहा बैली नांगर चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एक बैल बसका निघाला तर उरलेले पाच त्यालाही ओढत नेतात. विजेच्या माळेत तर याहून वाईट घडते. संच फार उतरला की दुबळ्या बॅटरीतून प्रवाह बळेच ढकलला जातो, तिचे ध्रुव उलटू शकतात आणि ती कायमची निकामी होते. खात्रीसाठी हायड्रोमीटरने प्रत्येक खान्यातील आम्लाची घनता पाहावी. खान्याखान्यांत ०.०५० किंवा अधिक फरक आढळला, तर तेथे दोष आहे असे समजावे. संच तरुण असेल तर एकच बॅटरी बदलावी. चार-पाच वर्षे वापरलेला असेल तर सर्व एकदम बदलणे शेवटी स्वस्त पडते, कारण जुन्या पाचांच्या संगतीत नवी सहावीही लवकर थकते.

पाण्याबद्दलही थोडे सांगावयास हवे. डिस्टिल्ड पाणीच घालावे, आणि ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या झाकतील इतकेच घालून चार्जिंग सुरू करावे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बंद खोलीत, विडी ओढत बॅटऱ्या तपासणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांना आपण शहाणे करावयास हवे.

आता तारा आणि जोड. शिक्षक मित्रांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण ओहमचा नियम शिकवण्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आणि त्या जोडाचा रोध ओहमचा केवळ शंभरावा भाग झाला असे समजा. घरातल्या दिव्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण गाडी निघताना २०० अँपिअर प्रवाह ओढते. तेव्हा त्या एका जोडात दोन व्होल्ट गळतात आणि ४०० वॅट उष्णता होते! असे तीन जोड असले की ३६ पैकी सहा व्होल्ट वाटेतच लुटले गेले. उपाय मात्र काही रुपयांचा आहे. संचाची जोडणी सोडवावी, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून आम्लाचा थर धुवावा (ते पाणी खान्यांत जाऊ देऊ नये), टर्मिनल घासून चकचकीत करावे, नट योग्य तेवढा आवळावा आणि वर व्हॅसलिनचा हलका थर द्यावा. अंगावरची अंगठी व घड्याळ आधी काढून ठेवावे आणि पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळावी. मूळच्या तारा बारीक असतील तर त्या बदलणेही फायद्याचे आहे. तेरा चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या तारेत २०० अँपिअरला सुमारे १.३ व्होल्ट खर्च होतात, तर पस्तीसच्या तारेत अर्धाच व्होल्ट.

अतिशय जुन्या गाड्यांत वेग कमी करण्यासाठी रोधाच्या वेटोळ्या असतात. हळू चालताना त्या तापतात आणि वीज फुकट जाळतात. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवला तर कमाल वेग फारसा वाढत नाही, पण गाडी झटका न देता निघते आणि एका चार्जिंगमध्ये अधिक फेऱ्या होतात. बसलेल्या आजीबाईंच्या दृष्टीने ही सुधारणा वेगापेक्षा मोलाची आहे. मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत का आणि सोलेनॉइडचे संपर्क जळले आहेत का, हेही याच वेळी पाहावे.

इतके करूनही खरोखर अधिक वेग हवा असेल तर? मार्ग आहेत, परंतु प्रत्येकाची किंमत आहे. अठरा इंची चाकाऐवजी बावीस इंची लावले तर मोटरच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी शेकडा बावीस अधिक अंतर तोडते. पण ओढ शेकडा अठराने घटते आणि चढावर मोटर तापते. अधिक वेगाचे दात्याचे चक्र बसवले तरी हाच व्यवहार. ३६ चे ४८ व्होल्ट केले तर वेग साधारण एक तृतीयांशाने वाढतो. मात्र कंट्रोलर, सोलेनॉइड व चार्जर हे सारे बदलावे लागते, आणि मोटर ते सोसेल की नाही हे आधी पाहावे लागते. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या मला या सर्वांत सरस वाटतात. शिशाच्या सहा बॅटऱ्यांचे वजन सुमारे १७० किलो असते. त्यांच्या जागी हा संच आला की शंभर किलोच्या आसपास भार उतरतो आणि चढावरही दाब फारसा खचत नाही. तिचा चार्जर वेगळाच हवा, आणि किंमत ऐकून लेखापाल चष्मा काढतात, हे खरे.

शिशाची बॅटरी घाई सोसत नाही, हेही येथे नोंदवतो. वीस तासांत सावकाश वापरली तर २२५ अँपिअर-तास देणारी बॅटरी ७५ अँपिअरने झपाट्याने उपसली असता सुमारे ११५ मिनिटेच टिकते, म्हणजे १४४ अँपिअर-तासच देते. वेग वाढवला की फेऱ्या घटतात, त्या या कारणाने.

आणि ब्रेक! या गाड्यांना बहुधा मागच्या दोनच चाकांना ड्रम ब्रेक असतात. वेग वीसवरून तीसवर नेला तर दीडपट झाला असे वाटते. पण थांबवावयाची ऊर्जा सव्वादोन पट होते आणि वळणावर गाडीला बाहेर लोटणारे बलही सव्वादोन पट होते. गाडीला दारे नाहीत, बहुधा पट्टेही नाहीत. अमेरिकेने १९९८ साली ताशी २० ते २५ मैल धावणाऱ्या अशा वाहनांचा स्वतंत्र वर्ग केला आणि त्यांना दिवे, आरसे, समोरची काच, हँडब्रेक व आसनपट्टे सक्तीचे केले, ते उगाच नव्हे. आपल्याकडे आवाराचे फाटक ओलांडून अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यावयाची असेल, तर परिवहन कार्यालयास विचारल्यावाचून पाऊल टाकू नये.

ज्या कार्यालयांकडे अशा गाड्या आहेत, त्यांनी प्रत्येकीची एक वही ठेवावी. शंभर मीटर अंतर आखून चार माणसांसह, धावत्या गाडीला किती सेकंद लागले ते महिन्यातून एकदा लिहावे. ताशी वीस किलोमीटरला ते अठरा सेकंदांत होते. पंचवीस लागू लागले की चाके, जोड आणि बॅटऱ्या याच क्रमाने तपासाव्यात. काढून टाकलेल्या बॅटऱ्या मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालू नयेत. त्यांतील शिसे विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या विक्रेत्याकडे किंवा अधिकृत केंद्राकडे परत द्याव्यात आणि पावती त्याच वहीत चिकटवावी.