अकरा पौंड दहा शिलिंग

(परदेशी शिकायला निघालेल्या वस्तीतल्या पोरापोरींसमोर बुद्धविहारात केलेलं भाषण)



मला इथं का उभं केलंय, असं काहींना वाटेल. मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उपसतो. पाळी सुटली की कविता लिहितो. पासपोर्ट माझ्याकडं नाही. पण माझी मावसबहीण इंग्लंडात सव्वा वर्ष राहून एम. ए. झाली, आणि तिचा खर्च आम्ही दोघांनी मिळून ठेवला. ती तिकडून आकडे सांगायची, मी इकडं वहीत उतरवायचो. ती वही ही बघा. माझी विद्वत्ता म्हणाल तर एवढीच.

परदेशी जाणाऱ्यांना सत्कारात हार मिळतो, पेढा मिळतो, लांबलचक भाषणं मिळतात. खोलीभाडं किती, हे कुणी सांगत नाही. ज्यांच्या बापाचे बंगले आहेत त्यांना ते विचारायची गरजच नसते. आपल्याला असते. म्हणून आज फक्त पैशाचं आणि छपराचं बोलतो.

सुरुवात बाबासाहेबांपासून करतो. आरतीसाठी नव्हे, हिशेबासाठी. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड. म्हणजे अकरा पौंड दहा शिलिंग. त्या वेळच्या भावानं साधारण ५६ डॉलर. त्यात खोली, जेवण, पुस्तकं, आणि परळच्या चाळीत मागं राहिलेलं बिऱ्हाड. आधी हार्टली हॉल, मग कॉस्मॉपॉलिटन क्लब, मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. म्हणजे कोलंबियात शिकायला गेलेल्या माणसालाही खोल्या बदलाव्या लागल्याच. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. बुद्धी संपली नव्हती, पैसा संपला होता. हे नीट ध्यानात ठेवा.

परत येऊन बडोद्यात नोकरी. आणि राहायला जागा? कुणी हिंदू घर देईना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेऊन लोक दारात आले. अमेरिकेत खोली मिळाली, स्वतःच्या मुलखात मिळाली नाही. मग सिडनहॅम कॉलेजात मास्तरकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, भथेनाकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. तिथं अर्धपोटी राहून, पैसा पैसा मोजून जो ग्रंथ लिहिला तो रुपयाच्याच प्रश्नावर. १९२३ साली तो छापून आला. पैशाचा हिशेब ठेवणं हे हलकं काम आहे असं ज्याला वाटतं त्यानं एवढं आठवावं.

आता आजची बेरीज.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. १२५ जागा, त्यात ११५ अनुसूचित जातींच्या. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. केंद्राच्या शिष्यवृत्तीत फी वेगळी भरतात. राहण्याखाण्यासाठी इंग्लंडात वर्षाला ९,९०० पौंड, वर किरकोळीला ११०० पौंड. अकरा हजाराला बारानं भागा. महिना सुमारे ९१७ पौंड.

आता दुसरा आकडा. हा माझा नाही, इंग्लंडच्या सरकारचा आहे. स्वतःच्या पैशानं येणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसा देताना ते म्हणतात, जगायला किती लागतं ते खात्यात दाखव. नोव्हेंबर २०२५ पासून तो आकडा लंडनसाठी महिना १,५२९ पौंड, लंडनबाहेर १,१७१ पौंड. नऊ महिन्यांचे दाखवायचे. म्हणजे तिथलंच सरकार सांगतं की लंडनबाहेर जगायला एवढं लागतं, आणि आपलं सरकार त्याहून महिना अडीचशे पौंड कमी देतं. लंडनात सहाशेहून जास्त कमी. आणि शिष्यवृत्तीचा हा आकडा कित्येक वर्षांत जागचा हलला नाही. भाडं थांबलं का? बसचं तिकीट थांबलं का? पाव थांबला का?

म्हणून पहिली गोष्ट: विद्यापीठाचं नाव बघताना शहर बघा. लंडनचं नाव मोठं, पण तिथं महिन्याला साडेतीनशे पौंड ज्यादा जातात. उत्तरेकडच्या शहरात तेवढ्यात माणूस पोटभर जेवतो. विषय तोच, शिक्षक तोलामोलाचे असतील, तर फोटोसाठी लंडन धरू नका.

दुसरी गोष्ट: पहिल्या महिन्याचा मार. तुम्ही म्हणाल महिन्याचे ९१७ येणार. पण ते विमानतळावर कुणी हातात ठेवत नाही. समजा खोली आठवड्याला १३० पौंडांची. अनामत पाच आठवड्यांची, म्हणजे ६५०. पहिल्या महिन्याचं भाडं साधारण ५६३. झाले बाराशे तेरा, आणि अजून गादी, तवा, पातेलं घ्यायचंय. ऑक्टोबरात थंडी पडते, कोट घ्यायचाय. तेव्हा हप्त्याच्या भरवशावर विमानात बसू नका. दोन महिन्यांचे पैसे गाठीला हवेतच.

जे कर्जावर जाणार त्यांना वेगळं सांगतो. व्हिसासाठी २८ दिवस पैसे खात्यात दाखवावे लागतात. आपल्यातली काही माणसं ते सावकाराकडून व्याजानं आणतात, २९व्या दिवशी परत करतात. कागदावर श्रीमंत, उतरल्यावर फकीर. वर व्हिसाची फी, आणि दवाखान्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही निघायच्या आधी एकरकमी. पौंड शंभर रुपयांच्या वर गेलाय. गुणाकार घरी बसून करा, आईला समजेल असा मोठ्यानं करा.

तिसरी गोष्ट: जामीनदार. तिथला घरमालक म्हणतो, इंग्लंडात राहणारा, पगारवाला जामीन आण. माझ्या बहिणीनं मला विचारलं, ‘दादा, तुझं नाव देऊ?’ मी म्हटलं, ‘दे की. माझ्या पाठीवर पन्नास किलोची गोण चालते, तर तुझं भाडं का नाही चालणार?’ नाही चाललं. गोदीतल्या माणसाचा जामीन सातासमुद्रापार कोण घेतो! जामीन नाही तर सहा महिन्यांचं भाडं आधी टाक, असा तिथला रिवाज. तिनं शेवटी विद्यापीठाकडं विचारणा केली, तेव्हा कळलं की काही विद्यापीठं स्वतःच विद्यार्थ्याला जामीन राहतात. हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारा. आणखी एक. २०२५ साली इंग्लंडात भाडेकरूंचा नवा कायदा झाला. त्यानुसार १ मे २०२६ पासून खासगी घरमालकाला एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या बड्या इमारतींना मात्र बरीच सूट आहे, तेव्हा सही करण्याआधी खात्री करून घ्या.

चौथी: कागद. इंग्लंडात २०१९ च्या कायद्यानं अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि खोली राखून ठेवायला एका आठवड्याहून जास्त घेता येत नाही. अनामत मालकानं खिशात ठेवायची नसते, सरकारमान्य योजनेत ३० दिवसांच्या आत नोंदवायची असते. नाही नोंदवली तर कोर्ट त्याला अनामतीच्या एक ते तीन पट भरपाई द्यायला लावू शकतं. खोली बघितल्याशिवाय, किंवा ओळखीच्या माणसानं बघितल्याशिवाय, मुंबईतून एक पैसा पाठवायचा नाही. आत शिरताना भिंतीची ओल, फुटकी काच, गादीचा डाग, सगळ्यांचे फोटो काढायचे. आणि घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तिथला नगरपालिकेचा कर माफ असतो. एक नोकरीवाला घुसला की बिल येतं. ते कुणी भरायचं, हे आधीच ठरवा.

पाचवी गोष्ट जरा कडू आहे. तिथं ‘आपली माणसं’ भेटतात. स्वस्तात खोली देतो म्हणतात. एका खोलीत पाच, रोख भाडं, पावती नाही, करार नाही. आपल्या गिरणगावात पाळीपाळीनं एकाच वळकटीवर झोपणारी माणसं होती, तसंच. फरक एवढाच की गिरणगावात तक्रार करायला युनियन होती. तिथं कागद नाही म्हणजे तुम्ही त्या घरात राहताच याला पुरावा नाही. पाच किंवा जास्त परके लोक एका घरात भाड्यानं ठेवायचे तर मालकाला परवाना लागतो. परवाना दाखव म्हणा, मग बघा आपल्या माणसाचा चेहरा.

आणि आडनाव? तेही विमानात बसून तिकडं पोचतं. ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी असते. ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’ असा गोड प्रश्न असतो. बहिणीला एका देशी बाईनं खोली हो म्हणून सांगितली, आडनाव ऐकल्यावर ‘भाच्याला द्यायची आहे’ म्हणून कळवलं. जी पाटी आम्ही दादरला बघतो तीच. फक्त इंग्रजीत.

तिथला कायदा काय म्हणतो? २०१० च्या समता कायद्यात जातीचा उल्लेख आणायची सोय ठेवली. २०१३ साली संसदेनं सरकारवर ते बंधनकारक केलं. २०१८ साली सरकारनं अंग काढून घेतलं, म्हणालं न्यायालयं बघतील. न्यायालयांनी थोडं बघितलं. बिहारमधून घरकामाला नेलेल्या परमिला तिर्की या बाईच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणानं २०१४ साली म्हटलं की वंशाच्या व्याख्येत जात बसू शकते. २०१५ साली तिला थकलेल्या किमान वेतनापोटी १,८३,७७३ पौंड मंजूर झाले. घरकाम करणारी बाई लढली. तुम्ही तर पदवीधर आहात. नकाराचे निरोप पुसू नका, जपून ठेवा, विद्यार्थी संघटनेकडं न्या.

सहावी: काम. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला १२ पौंड ७१ पेन्स. म्हणजे आठवड्याला २५४ पौंड. ऐकायला बरं वाटतं. पण शिष्यवृत्तीवाल्यांनी बारीक अक्षर वाचा: अध्यापन-संशोधनाच्या मदतनिसीतून वर्षाला १,५६० पौंड मिळवले तर चालतात, त्यावर मिळाले की भत्ता तेवढा कापतात. आधी वर्षाला तीन हजारांची तूट ठेवायची, आणि ती भरायला दीड हजारावर दोरी बांधायची. हा हिशेब कुठल्या शहाण्यानं केला? दुसऱ्याच्या नावावर सायकलीनं जेवणाचे डबे पोचवणं बिलकूल नको. विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र धंदा चालत नाही. सापडलात तर पदवी, व्हिसा, कर्ज, सगळं एकदम बुडतं.

आता वहीतलं एक पान वाचतो. फेब्रुवारी. हप्ता आला नाही. मार्च. आला नाही. कार्यालयाला पत्र, फोन. ‘फाईल पुढं गेली आहे.’ मालकाची नोटीस. ती फोनवर म्हणायची, ‘दादा, ठीक आहे सगळं.’ जेवणाच्या रकान्यात मात्र सोळा दिवस तांदूळ, डाळ, तांदूळ, डाळ. मी टोळीत बोललो. एकोणीस माणसं, रोजावरची. कुणी दोनशे दिले, कुणी पाचशे. मुकादमानं, जो कधी एक बिडी देत नाही, त्यानं हजार दिले. एका पोरीचं एका महिन्याचं भाडंही त्यात पुरं झालं नाही. पण मालक थांबला, आणि एप्रिलात हप्ता आला. ती पास झाली. सगळ्यांच्या पाठीमागं टोळी नसते. जे मधेच परत आले त्यांची नोंद कुठल्या वहीत आहे?

लंडनला किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथं बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमारास राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. चांगलं केलं. तुम्ही जाल तेव्हा जरूर बघा. पण ज्या सरकारला मेलेल्या विद्यार्थ्याची खोली विकत घेता येते, त्याला जिवंत विद्यार्थ्याचं भाडं वेळेवर देता येत नाही? २०२५ साली केंद्राच्या शिष्यवृत्तीला निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रं निघाली. बाकीच्यांना सांगितलं, पैसे असतील तर बघू. बोंब झाली, तेव्हा बाकीची पत्रं हलली. बोंब मारल्याशिवाय इथं काही हलत नाही, एवढं त्यातून शिका.

म्हणून मागण्या साध्या आहेत. भत्ता शहर बघून ठरवा आणि दरवर्षी वाढवा. पहिला हप्ता निघायच्या आधी द्या. हप्ता उशिरा आला तर मालकाला दाखवायला सरकारी पत्र द्या. हे उपकार नाहीत. गोदीत उशिरा मजुरी दिली तर आम्ही हूक खाली ठेवतो.

आणि तुम्ही, जाणारे? एक वही घ्या. रोजचा खर्च लिहा. खोली कुठं मिळाली, मालक कसा, कुणी नाकारली, जामीन कुणी दिला, सगळं लिहा. परत याल तेव्हा ती वही तुमच्या मागच्याच्या हातात द्या. बाबासाहेबांच्या वेळी वही देणारं कुणी नव्हतं. पुढच्या पोरीला तरी ती मिळू द्या.

जयभीम!