एका सेलचा पंचनामा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

टॉर्चमधले सेल संपले की आपण दुकानातून नवे आणतो आणि जुने टाकून देतो. ते का संपले, असं कुणी विचारत नाही, आणि विचारायची गरजही नसते. लिथियम बॅटरीचं मात्र तसं नाही. तिच्यातला एखादा सेल गेला, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय दुसरा बसवू नये. कारण तसंच राहिलं तर नवा सेलही त्याच वाटेनं जातो, आणि कधी कधी जाताना घराला आग लावून जातो.

आज खूप तरुण मुलं अशा बॅटऱ्या घरी बनवतात. सायकलला मोटर बसवायची असते, नाहीतर दिवे जातात तेव्हा घरात दोन बल्ब आणि पंखा चालवायचा असतो. तयार बॅटरी महाग पडते. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे सेल आणायचे, किंवा मोडीत निघालेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले काढायचे. 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा हा नळकांडीसारखा सेल. पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट, आणि साधारण तीन व्होल्टच्या खाली त्याला नेऊ नये असा दंडक. सोनी कंपनीनं लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली ती 1991 साली. या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता माझ्या माहितीतलं एक उदाहरण सांगतो. तालुक्याच्या गावी डिप्लोमा शिकणाऱ्या एका मुलानं वडिलांच्या सायकलसाठी अशी बॅटरी तयार केली. वडील पहाटे दुधाचा रतीब घालतात, गुडघे कुरकुरायला लागलेले. त्यानं जुन्या लॅपटॉपमधले 52 सेल घेतले. चार-चार सेल समांतर जोडून एक गट केला आणि असे 13 गट एकसर जोडले. ही झाली बाजारात 48 व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी बॅटरी. पूर्ण भरल्यावर ती 54.6 व्होल्ट दाखवते. गटांवर पहारा करायला एक छोटं सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात. तेही त्यानं बसवलं.

सुरुवातीला सायकल एका चार्जमध्ये 30 किलोमीटर जायची. दोन महिन्यांनी ती 16-17 किलोमीटरवर मध्येच बंद पडू लागली. चार्जरचा हिरवा दिवा मात्र रोज लागत होता. कुणी म्हणालं चार्जर खराब, कुणी म्हणालं मोटर गेली. पोरानं शहाणपण केलं ते असं, की काहीही बदलण्याआधी मल्टिमीटर हातात घेतला आणि तेराही गटांचे व्होल्ट वहीत लिहून काढले. बारा गट 4.2 च्या आसपास होते. सातवा होता 3.82 वर.

इथं बहुतेक लोक म्हणतील, सापडला चोर! पण श्रोतेहो, कमी व्होल्ट हे लक्षण झालं. आजार अजून कळायचाय. अंगात ताप आहे म्हटल्यावर डॉक्टर लगेच औषध लिहीत नाहीत; ताप कधी चढतो, कधी उतरतो ते विचारतात. इथंही तसंच विचारावं लागतं. कमजोर गटाचे मुख्य प्रकार तीन.

पहिला, ज्याची साठवणच कमी आहे तो. लहान तांब्या लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो. म्हणून असा गट चार्जिंगच्या शेवटी इतरांच्या वर असतो आणि वापराच्या शेवटी इतरांच्या खाली.

दुसरा, ज्याचा जोड कच्चा आहे किंवा ज्याच्या सेलचा अंतर्गत रोध वाढला आहे तो. सेलवर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं चिकटवतात. तो टाका निसटता असेल तर मोटरचा भार पडताच व्होल्ट धाडकन खाली येतात, चार्जिंगला लावलं की इतरांच्या वर जातात, आणि दोन्ही बंद केलं की पुन्हा सगळ्यांच्या रांगेत. शिवाय चारपैकी एक टाका पूर्ण सुटला, तर उरलेल्या तीन सेलना प्रत्येकी एक तृतीयांश जादा ओझं वाहावं लागतं आणि तेही लवकर थकतात.

तिसरा प्रकार गळतीचा. माठ मोठा आहे, पण झिरपतो. असा गट चार्जिंगनंतरही खाली आणि वापरानंतरही खालीच असतो.

आपल्या मुलाचा सातवा गट दोन्ही वेळेला खाली होता. म्हणजे गळती. पण गळती कुठं? सेलमध्ये, की बाहेर? बीएमएसमध्ये प्रत्येक गटाचा जादा भार जिरवणारे छोटे रोधक असतात. त्यातला एखादा कायमचा चालू राहिला, तरी एकच गट हळूहळू रिकामा होतो आणि बिचाऱ्या सेलवर आळ येतो. म्हणून त्यानं बीएमएसची वायर काढली आणि बॅटरी आठ दिवस नुसती ठेवून दिली. ते आठ दिवस वडिलांनी पायडल मारत रतीब घातला. आठ दिवसांनी बारा गट जागच्या जागी होते, सातवा पाच शतांश व्होल्टनं उतरला होता. बीएमएस निर्दोष सुटलं.

मग सातव्या गटाच्या पट्ट्या कापून चारही सेल सुटे केले, सारखे चार्ज केले आणि पंधरा दिवस थांबला. तीन सेल जवळजवळ तसेच राहिले. चौथा अर्धा व्होल्ट उतरला. समांतर जोडणीत तोच आपल्या तिन्ही भावांनाही रिकामं करत होता. ते तिघे आजारी नव्हतेच, त्यांना फक्त वाईट शेजार लाभला होता.

तरीही प्रश्न उरतोच, हा एकच का बिघडला? याचं उत्तर त्याच्या वहीत होतं. लॅपटॉपमधून काढताना प्रत्येक सेलचे व्होल्ट त्यानं टिपून ठेवले होते. बहुतेक सेल 2.9 ते 3.3 व्होल्टवर मिळाले होते. हा मिळाला होता 0.9 वर. म्हणजे वर्षानुवर्षं पूर्ण रिकामा पडलेला. त्याला हळूहळू चार्ज करून जिवंत केला, साठवण मोजली, ती इतरांइतकीच भरली, आणि तो पास झाला.

साठवणीच्या परीक्षेत हा दोष दिसत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सेलच्या ऋण बाजूला तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा लेप असतो. सेल फार खाली गेला की ते तांबं आतल्या द्रवात विरघळू लागतं. पुन्हा चार्ज केलं की ते परत बसतं, पण जिथं बसायला नको तिथं, बारीक कणांच्या रूपात. धन आणि ऋण बाजूंच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो. तांब्याचा कण त्यातून आरपार गेला की आतल्या आत एक सूक्ष्म पूल तयार होतो आणि त्यातून वीज रात्रंदिवस झिरपत राहते. आज झिरपते, उद्या तो पूल रुंद झाला तर आतच शॉर्टसर्किट होऊन सेल पेटू शकतो.

धोका तेवढाच नाही. चार्जर फक्त एकूण 54.6 व्होल्ट बघतो. बीएमएस नसेल आणि एक गट तीन व्होल्टवर अडकला असेल, तर उरलेले 51.6 व्होल्ट बारा गटांत वाटले जातात. हिशोब करा, प्रत्येकी 4.3 येतात. म्हणजे एका आजारी गटापायी बारा निरोगी गट मर्यादेबाहेर चार्ज होतात.

मोठ्या कंपन्यांनाही हा शोध चुकलेला नाही. 7 जानेवारी 2013 रोजी बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या बोइंग 787 विमानात आठ सेलची एक लिथियम बॅटरी पेटली. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं निष्कर्ष काढला तो असाच, की एका सेलच्या आत शॉर्टसर्किट झालं आणि उष्णता शेजारच्या सेलमध्ये पसरत गेली. 2016 साली सॅमसंगचे नोट 7 फोन पेट घेऊ लागले. कंपनीनं बॅटऱ्यांचा पुरवठादार बदलला, तरी फोन पेटतच राहिले. तपासात दिसलं, की पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत एका कोपऱ्यात ऋणाग्र दाबलं जात होतं, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे पडद्यात घुसत होते. लक्षण एकच, कारणं दोन. नुसती अदलाबदल करून भागत नाही, ते यासाठी.

आपल्या मुलानं तो एक सेल तर काढलाच, पण वही पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळली. दुसऱ्या आणि अकराव्या गटातला एकेक सेल असाच दोन व्होल्टच्या खाली सापडला होता. त्यांच्यात अजून गळती दिसत नव्हती. तरीही त्यानं ते काढून टाकले. पंचनाम्याचा खरा फायदा हा. पुढचे दोन बिघाड होण्याआधीच टळले.

घरी हे काम करणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल फुकट मिळाला तरी वापरू नका. सेलवर 9900 एमएएच असं छापलेलं असेल तर तो खोटा समजा; या आकाराचे चांगले सेल साधारण 3500 पर्यंतच जातात. बॅटरी उघडताना हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. सेल फुगला असेल, गरम लागत असेल किंवा त्याला गोडसर वास येत असेल, तर मोजमाप राहू द्या, त्याला मोकळ्यावर न्या. पेटलाच तर लांब व्हा आणि 101 ला फोन करा. आणि हो, घरगुती बॅटरी रात्री, सगळे झोपलेले असताना, दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका.

काढलेले सेल कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. आपल्या देशात 2022 पासून बॅटरी कचऱ्यासाठी वेगळे नियम आहेत.

या सगळ्या तपासाला किती खर्च आला? एक साधा मल्टिमीटर, एक वही आणि तीन आठवड्यांचा धीर. त्यातली वही सगळ्यात स्वस्त, आणि शेवटी उत्तर दिलं ते तिनंच. बॅटरी बांधायला घ्याल, त्या दिवशी पहिल्या सेलपासून लिहायला सुरुवात करा.