बाहेर पडणाऱ्या श्वासाची राखण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात एका भूलतज्ज्ञ माजी विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल.’ मी भूलतज्ज्ञ आहे. खारी गावात कुठल्याही लग्नाला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो : ‘इंजेक्शन देऊन पेशंट झोपला की मग तुम्ही काय करता?’ आज त्याचं उत्तर देते.

पेशंट झोपला की माझं काम सुरू होतं. झोपलेल्या माणसाच्या वतीने मला श्वास घ्यायचा असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोडायचा असतो. कोविडने आपल्या सगळ्यांना प्राणवायूचा आकडा शिकवला. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरांत आला. चौऱ्याण्णव म्हटलं की आजीसुद्धा काळजीत पडायची. पण शरीराचा हिशोब दोन बाजूंचा असतो. आपण मिठागरांच्या शेजारी वाढलो. आगरात उधाणाचं पाणी आत घेता यायला हवं, तसं पावसाचं पाणी बाहेरही काढता यायला हवं, हे इथे कोणाला सांगायला नको. श्वासाचंही तसंच आहे. आत येणारा प्राणवायू सगळ्यांना माहीत आहे. बाहेर जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडकडे कोणी बघत नाही. तो बघणं हे माझं काम.

या वायूची ओळख मला आपल्या शाळेतच झाली. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते आणि जळती काडी या वायूत नेली की विझते, हे प्रयोग तुम्हीही केले असतील. या दोन गुणांवर माझा अर्धा व्यवसाय चालतो. ते कसं, ते पुढे सांगते.

निवांत पडलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरात मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. रक्तातला त्याचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा एवढा ठेवण्याचं काम मेंदू आपोआप करतो. श्वास रोखून धरल्यावर जीव कासावीस होतो, तो मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, हा वायू साचल्यामुळे. संपूर्ण भूल दिली की मेंदूतला हा पहारेकरीही झोपतो. स्नायू सैल करणारं औषध दिलं की छातीही हलत नाही. श्वास थांबला तर पहिल्या मिनिटात हा दाब सहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त चढतो आणि पुढे दर मिनिटाला तीन-चारने वाढत जातो.

तो वाढला की रक्त आम्लधर्मी होतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके चुकू शकतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या कवटीत आधीच जागा नसते, त्याला हे परवडत नाही. उलट, व्हेंटिलेटरने जास्त जोरात हवा दिली आणि दाब फार उतरला, तर त्याच रक्तवाहिन्या आक्रसतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून जास्त श्वास म्हणजे चांगला श्वास, असं नाही. किती वेळा आणि किती मोठा श्वास द्यायचा, हे ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे, आजाराप्रमाणे ठरवावं लागतं आणि ऑपरेशन चालू असताना बदलत राहावं लागतं.

या वायूकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, हे जगाने १९५२ मध्ये कोपनहेगनला पाहिलं. पोलिओची मोठी साथ होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट येत होते. सुरुवातीला यंत्रांवर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. प्राणवायू दिला जात होता, तरी माणसं जात होती. डॉक्टरांना वाटत होतं, विषाणूने मेंदूच पोखरला. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितलं, यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आहे. २७ ऑगस्टला त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी फुग्याने हाताने श्वास दिला. मुलगी वाचली. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने असे फुगे दाबले आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात.

आज हे बघायला आमच्याकडे कॅप्नोग्राफ आहे. हा वायू ठरावीक अवरक्त किरण शोषतो. बाहेर येणाऱ्या श्वासातून ते किरण सोडले की किती शोषले गेले यावरून त्याचं प्रमाण कळतं. पडद्यावर प्रत्येक श्वासागणिक एक सपाट माथ्याची टेकडी उमटते. श्वासनळीत घालायची नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर या टेकड्या टिकत नाहीत आणि काही श्वासांतच चूक समजते. बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र अशा वेळी काही मिनिटं शंभर दाखवत राहू शकतो, कारण भूल देण्याआधी आम्ही फुफ्फुसं प्राणवायूने भरून ठेवलेली असतात. दम्याच्या पेशंटची वाट आवळली तर टेकडीचा चढ तिरका होतो. हृदयाचा पंप अचानक मंदावला तर टेकडी बसते. काही घराण्यांत भुलीच्या विशिष्ट औषधांनी शरीर भट्टीसारखं तापण्याचा दुर्मीळ दोष असतो. तिथे अंग तापण्याआधी बहुधा हाच आकडा चढू लागतो.

आता शाळेतले ते दोन प्रयोग. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवून जागा करावी लागते. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातलं पहिलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन केलं. आज आपल्या मीरा-भाईंदरमध्येही ही ऑपरेशनं रोज होतात. पोटात भरतात तो वायू कार्बन डायऑक्साइडच. तो पेट घेऊ देत नाही, म्हणून विजेच्या उपकरणाने रक्तवाहिनी डागता येते. तो रक्तात सहज विरघळतो, म्हणून चुकून रक्तवाहिनीत शिरला तरी हवेच्या बुडबुड्यापेक्षा धोका कमी. पण विरघळतो म्हणजेच तो रक्तात चढतो. मग मी श्वास वाढवते. आकडा तरीही ऐकत नसेल तर सर्जनना सांगते, ‘थांबा, पोटातला वायू सोडा.’ त्या क्षणी सर्जन कितीही मोठे असोत, ते थांबतात. आणि ऑपरेशननंतर ‘पोट कापलं, मग खांदा का दुखतो?’ असं विचारता ना? फुगवलेल्या पोटामुळे छातीचा पडदा ताणला जातो, तिथे उरलेला वायू टोचतो, आणि ती कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत बहुधा थांबते.

चुन्याची निवळी तर माझ्या मशीनलाच लटकलेली असते, कोरड्या गोळ्यांच्या रूपात. पेशंटचा सोडलेला श्वास या चुन्याच्या डब्यातून जातो, कार्बन डायऑक्साइड तिथे अडतो आणि उरलेला प्राणवायू व भुलीचं औषध परत वापरता येतं. डबा संपत आला की एका प्रचलित प्रकारात पांढऱ्या गोळ्या जांभळ्या पडतात. बदलायची वेळ झाली, हे रंगच सांगतो.

पण यंत्रं सगळं सांगत नाहीत. काही गोष्टी फक्त तुम्ही सांगू शकता. एकदा एका काकांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मी विचारते त्याला काका म्हणत, ‘काही नाही, सगळं ठणठणीत.’ शेवटी काकू म्हणाल्या, ‘डॉक्टर, ह्यांच्या घोरण्याने शेजारचे भिंत ठोकतात. मधेच श्वास थांबतो, मी हलवून उठवते.’ त्या एका वाक्याने आमचा बेत बदलला. अशा माणसाला जोरदार वेदनाशामक दिलं आणि एकटं सोडलं, तर तो घोरत घोरत कार्बन डायऑक्साइड साठवतो. बघणाऱ्याला वाटतं, छान झोप लागली. आम्ही कमरेत भूल दिली, गुंगीची औषधं बेताने वापरली आणि रात्रभर लक्ष ठेवलं. काका दुसऱ्या दिवशी घरी गेले. श्रेय काकूंचं.

म्हणून मित्रांनो, घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं तर एवढं करा. ‘भूल कोण देणार? आम्हाला आधी भेटायचंय,’ असं सांगा. घोरणं, विडी-सिगारेट, दारू, दमा, चालू औषधं, आधीच्या भुलीत आलेला त्रास, नात्यात कोणी भुलीखाली दगावलं असेल तर तेही, न लाजता सांगा. उपाशी राहायला सांगितलं की ‘फक्त अर्धी चपाती’ही नको. आणि ‘ऑपरेशनच्या वेळी कॅप्नोग्राफ लावणार ना?’ हे जरूर विचारा. यात डॉक्टरांचा अपमान नाही. उलट, असं विचारणारा नातेवाईक भेटला की आम्हाला बरं वाटतं. आज इथे बसलेल्यांपैकी काही जण रुग्णालयं चालवतात, काही देणग्या देतात. इमारतीवर नावाची पाटी लावण्याआधी आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये आणि शुद्धीवर येण्याच्या खोलीत हे यंत्र चालू स्थितीत आहे का, एवढं एकदा बघून या, ही माझी विनंती.

भूल उतरली की पेशंट पहिल्यांदा सर्जनचे आभार मानतो. आमचा चेहरा त्याला आठवतही नाही, आणि त्यात गैर काही नाही. तो स्वतःहून श्वास घेतो आहे, सोडतो आहे, आकडा चाळीसच्या आसपास आहे, एवढं दिसलं की माझं काम झालं.

बाकीचे प्रश्न जेवताना विचारा. घोरणाऱ्यांच्या बायकांना आधी नंबर!