गोळी मानवेना, साखर उतरेना



मधुमेहाचं निदान होऊन सात-आठ वर्षं झालेली माणसं तपासायला आली की एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टर, हीच गोळी होती, हेच जेवण होतं, साखर अगदी आटोक्यात असायची. आता काय झालं?" आणि पाठोपाठ, "ही गोळी मला सोसत नाही, बंद करू का?" बऱ्याच जणांनी ती आधीच बंद केलेली असते, विचारायला मात्र नंतर येतात. मधल्या काळात कुणी शेजाऱ्याची गोळी घेऊन पाहतं, कुणी जाहिरातीतली पावडर आणतं, आणि साखर अडीचशे-तीनशेच्या घरात जाऊन बसते. म्हणून आज मी एवढ्याच विषयावर बोलणार आहे. साखर वाढली तर औषध टाकून देण्याआधी ती का वाढली, हे शोधायला हवं. गोळीचा त्रास होणं वेगळं, गोळी अपुरी पडणं वेगळं, आणि तिसऱ्याच कशामुळे साखर चढणं आणखी वेगळं. उपायही तिन्हींचे निरनिराळे आहेत.

आधी त्रासाबद्दल. टाइप २ मधुमेहात बहुतेकांच्या चिठ्ठीवर पहिलं नाव मेटफॉर्मिनचं असतं. १९५७ साली जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी मधुमेहावर तिचा उपयोग जगापुढे मांडला. इतकी जुनी असूनही ती टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे, यकृतातून रक्तात उतरणारी साखर कमी करते, आणि एकटीच घेतली तर सहसा साखर धोक्याइतकी खाली नेत नाही. पण पोटाला ती अनेकांना जड जाते. मळमळ, गॅस, तोंडाला विचित्र चव, पातळ शौच.

माझ्याकडे एक शिक्षिका येत असत. त्यांनी संकोचत सांगितलं, "डॉक्टर, दुसऱ्या तासाला वर्ग सोडून पळावं लागतं हो. मुलं बघत राहतात." गोळी कधी घेता, असं विचारल्यावर कळलं की सकाळी उठल्याबरोबर, कोऱ्या चहासोबत, आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस. आम्ही औषध तेच ठेवलं. फक्त सावकाश विरघळणारी गोळी दिली, पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलेलं असतं ती. पाचशे मिलिग्रॅमपासून सुरुवात, रात्रीच्या जेवणानंतर, आणि काही आठवडे घेत हळूहळू वाढ. त्यांचा त्रास जवळजवळ गेला. ही सावकाश विरघळणारी गोळी मोडून किंवा कुटून घ्यायची नसते. काही कंपन्यांच्या गोळीचं रिकामं कवच शौचावाटे पडतं. ते पाहून गोळी पचलीच नाही असं समजू नका, औषध आत उतरलेलं असतं. एवढं करूनही पोट ऐकत नसेल तर मग औषध बदलायचं. त्यासाठी दुसरी पुष्कळ औषधं आहेत, सोसत बसायची सक्ती कुणावरही नाही.

मेटफॉर्मिनबाबत आणखी दोन गोष्टी. वर्षानुवर्षं घेतल्यावर शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते मुळातच कमी असतं. पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि सगळा दोष मधुमेहाच्या माथी जातो. बी-१२ तपासून घ्या, ते भरून काढणं सोपं आहे. दुसरं मूत्रपिंडाचं. मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, ज्याला ईजीएफआर म्हणतात, तो ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन थांबवावीच लागते, आणि ४५ च्या खाली डोसचा फेरविचार करावा लागतो. म्हणून वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासलं पाहिजे.

बाकीच्या गोळ्यांचे त्रास थोडक्यात सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. त्यामुळे जेवण लांबलं, एकादशीचा उपास धरला, की साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि मग काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. पायोग्लिटाझोनने काहींच्या पायांवर सूज येते, आणि हृदय कमकुवत असलेल्यांना ती चालत नाही. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा चांगला उपयोग होतो, पण जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊन खाज सुटते. बायका हे दुखणं डॉक्टरांनाही सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात. कृपा करून सांगा, त्यावर साधं मलम असतं. आणि उलट्या सुरू असतील, पोटात काही ठरत नसेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर ही गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना आधीच विचारा. ती चालू असताना साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं.

आता दुसरी गोष्ट. त्रास काहीच नाही, गोळी नेमाने चालू आहे, तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सातवरून आठवर, आठवरून नऊवर जातो. इथे रुग्ण स्वतःला अपराधी समजतो. घरचेही टोमणे मारतात, "चोरून गोड खात असणार." मला हे फार लागतं. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे, यूकेपीडीएस, त्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यातून दिसलं की मधुमेहाचं निदान होतं त्या दिवशीच स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद साधारण निम्म्यावर आलेली असते, आणि पुढेही ती घटत राहते. एकाच औषधावर साखर आटोक्यात राहिलेले रुग्ण तीन वर्षांनंतर सुमारे निम्मे होते आणि नऊ वर्षांनंतर जेमतेम पाव. विहिरीचे झरे आटत चालले की मोठी मोटर बसवून पाणी वाढत नाही. दुसरं, तिसरं औषध जोडावं लागणं हा बहुतेक वेळा या रोगाचा क्रम असतो. त्यात तुमचा गुन्हा नाही आणि पहिल्या गोळीचाही नाही. म्हणूनच पहिली बंद न करता तिच्या जोडीला दुसरी देतात.

पण डोस वाढवण्याआधी चांगला डॉक्टर चार गोष्टी विचारतो, आणि त्या तुम्ही स्वतःही तपासायला हव्यात. गुडघ्यात किंवा खांद्यात नुकतंच इंजेक्शन घेतलं का? दम्यासाठी, त्वचेसाठी स्टिरॉइड चालू आहे का? सांधेदुखीची, "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकली जाणारी नाव-गाव नसलेली पुडी घेता का? अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि स्टिरॉइडने साखर झपाट्याने चढते. लघवीचा संसर्ग, पायाची जखम, हिरड्यांतला पू यांनीही चढते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि वजन घटतंय, तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. मधुमेह आणि क्षय आपल्याकडे जोडीने येतात, आणि एक बरा होईना म्हणून पाहिलं तर दुसरा सापडतो. काहीही न करता वजन भराभर उतरत असेल तर स्वादुपिंडाचीही तपासणी लागते.

इन्सुलिन घेत असूनही साखर वाढत असेल तर पोटावरून हात फिरवून पाहा. रोज त्याच जागी सुई टोचली की कातडीखाली मऊ गाठ तयार होते. तिथे दुखत नाही, म्हणून लोक तिथेच टोचत राहतात, आणि औषध नीट शोषलं जात नाही. जागा बदलून टोचायला लागल्यावर कमी डोसमध्ये काम भागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पण जागा बदलताना डोस डॉक्टरांना विचारा, कारण चांगल्या जागी तेवढंच इन्सुलिन जास्त लागू होईल. सिरिंजही बघा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपीची. अदलाबदल झाली की डोस अडीच पट चुकतो. दुकानातून निघण्यापूर्वी टोपीचा रंग आणि कुपीवरचा आकडा जुळवून घ्या.

इन्सुलिनची भीती मात्र मनातून काढा. "एकदा सुरू झालं की संपलं," असं सासरे, काका, शेजारी सगळे सांगतात. १९२२ सालच्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं, त्याआधी त्याच्यासारख्या मुलांचं मरण ठरलेलं होतं. काहींना आजारपणात किंवा ऑपरेशनपुरतं इन्सुलिन लागतं आणि नंतर ते बंदही होतं. ज्यांना कायम लागतं, त्यांना ते उशिरा मिळाल्याने डोळ्यांचं आणि मूत्रपिंडाचं जे नुकसान होतं, ते सुईच्या टोचण्याहून कितीतरी जास्त आहे. शेतावर, वस्तीवर फ्रिज नसेल तर वापरात असलेली कुपी मातीच्या माठाच्या गारव्यात, ओल न लागेल अशी ठेवता येते. बर्फात मात्र कधीही नाही.

जेवणाबद्दल तुम्ही खूप ऐकता, म्हणून फार बोलत नाही. भात-पोळी निम्मी करून उसळ, वरण, भाजी वाढवा, उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा टाळा, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. निदान होऊन थोडीच वर्षं झाली असतील आणि वजन जास्त असेल, तर वजन उतरवल्याने औषधं कमी होतात, काहींची थांबतातही. पण ती डॉक्टरांनी थांबवायची.

पुढच्या भेटीला जाताना एक पिशवी भरा. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं, टाकलेल्या गोळ्यांचीही, पावडर, काढा, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं मलम. सोबत आठवडाभराच्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतर दोन तासांच्या साखरेची वही. कोणती गोळी किती दिवस घेतली आणि काय झालं, ते दोन ओळींत लिहा. पैशांमुळे गोळ्या चुकत असतील तर तेही स्पष्ट सांगा, त्याच औषधाचा स्वस्त पर्याय जन औषधी केंद्रात मिळू शकतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची मधुमेहाची तपासणी मोफत होते.

आणि साखर तीनशेच्या वर राहून उतरत नसेल, उलट्या थांबत नसतील, धाप लागत असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, जवळच्या रुग्णालयात जा.