गप्प बसणाऱ्यांची हजेरी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी आपण मुलं-नातवंडांबद्दल बोलत होतो. चहापर्यंत विषय शुगर, बीपी आणि गुडघ्यांवर आला! म्हणूनच संयोजकांनी मला ही दहा मिनिटं दिली असावीत.

आपला वर्गाचा मॉनिटर आज आलेला नाही. शनिवारी त्याचं डायलिसिस असतं, आठवड्यातून तीनदा. त्याच्या परवानगीनंच सांगतोय. पंधरा वर्षांचा मधुमेह, आणि गुडघा दुखला की दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात त्याचे पाय सुजलेले दिसले. "प्रवासानं असेल," तो म्हणाला. मीही मान डोलावली. डॉक्टर असून! ती टोचणी अजून आहे.

वर्गात दंगा करणाऱ्याकडे सरांचं लक्ष जायचं, गप्प बसणारा राहून जायचा. किडनी आणि लिव्हर ही अशीच गप्प मुलं. किडनीचं जवळपास निम्मं काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यातच: रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून ईजीएफआर काढतात, आणि लघवीतलं अल्ब्युमिन. ईजीएफआर तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट विकार. तो ३० च्या खाली गेला, झपाट्यानं उतरू लागला किंवा लघवीतून प्रथिनं फार जाऊ लागली, तर नेफ्रॉलॉजिस्टकडे जा. मूतखड्याच्या कळांबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता लिव्हर. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आलं की आपण म्हणतो, "मी तर पीतच नाही!" दारूला न शिवणाऱ्यांनाही ते होतं, वाढलेलं पोट आणि मधुमेह पुरतो. सुरुवातीला ७ ते १० टक्के वजन उतरवलं, तर ते बहुधा सुधारतं. दुर्लक्ष केलं, तर काहींना पुढे सिरॉसिस होतो. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी एकदा करून घ्या. सी तर बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. एन्झाइम्स महिनोन्महिने वाढलेली असतील, तर लिव्हरच्या तज्ज्ञांना दाखवा. आणि काविळीत माणूस गुंगू लागला, असंबद्ध बोलू लागला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचाला झाली, तर माळ आणि झाडपाला यांत एक तासही घालवू नका.

एवढं तरी करा: वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका, आणि एकमेकांचे सुजलेले पाय दिसले तर माझ्यासारखी मान डोलावू नका.

काल मॉनिटरला फोन केला. म्हणाला, "पुढच्या मेळाव्याला सगळ्यांना रिपोर्ट घेऊन यायला सांग. हजेरी मी घेणार."

शाळेत त्याला आपण फार छळलं. या वेळी त्याचं ऐकू या.