गाशा, खलबत आणि आपली मराठी

(रत्नागिरीत तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



"मुसलमान असून मराठी छान बोलता!" हे कौतुक तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. त्यावर चिडण्याआधी चार वाक्प्रचार उघडून पाहू.

'गाशा गुंडाळणे.' अरबीत 'गाशिया' म्हणजे झाकणारी. कुरआनातल्या ८८व्या सूरेचं नाव हेच आहे. फारसीत हा शब्द खोगिरावरच्या कापडाला लागला आणि मराठीत त्याचा गाशा झाला. स्वाराने तो गुंडाळला की मुक्काम हलला.

'खलबतं करणे.' मूळ शब्द 'खल्वत', म्हणजे एकांत. सूफी खल्वतीत अल्लाहचं स्मरण करतात. दरबारात मात्र एकांत मसलतीसाठी लागे, म्हणून मराठी खलबतांना कटाचा वास येतो.

'इमानेइतबारे' यात ईमान आणि एतबार, म्हणजे श्रद्धा आणि विश्वास, शेजारी बसलेत.

'प्रयत्नांची शिकस्त' तर गमतीची. उर्दूत शिकस्त खाल्ली म्हणजे हरलात. मराठीत शिकस्त केली म्हणजे जिवापाड झटलात! शब्द फारसी, पण हा अर्थ मराठीने स्वतः घडवला.

मात्र हे शब्द 'आपण' मराठीला दिले, अशी फुशारकी नको. फारसी ही सुलतानांच्या दफ्तराची भाषा होती. तिचे शब्द मराठीत मुरवले ते मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी, शिलेदारांनी, बाजारातल्या माणसांनी. त्यांत हिंदू बहुसंख्य होते. म्हणजे हे धन सगळ्यांचं आहे.

याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला: अरबी, फारसी, इंग्रजी शब्द काढा. त्यांचा 'महापौर' आपण आनंदाने वापरतो. पण 'दिनांक' कागदावर आला तरी कोर्टात अजून 'तारीख'च पडते. शब्द ठेवायचा की सोडायचा, हे शेवटी बोलणारे ठरवतात.

आणि बोलणारे आपणही आहोत. म्हणून एक काम देतो. घरी आजीच्या, नानीच्या कोकणी बोलीत जे वाक्प्रचार आहेत, ते लिहून काढा. अर्थ विचारा, कोणत्या प्रसंगी वापरतात ते विचारा. 'गाशा' मोलस्वर्थच्या कोशात सुरक्षित आहे. आजीचे शब्द कोणत्याही कोशात नसतील, तर ते वाचवण्याची जबाबदारी आपली.